मिठागरातले शैवाल फ्लास्कमध्ये लाल का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे : पालघरकडच्या एका मिठागरातून मार्चमध्ये आणलेल्या नारिंगी-लाल पाण्यातून ड्युनालिएला हे एकपेशी शैवाल वेगळे केले. प्रयोगशाळेत ते वाढते, पण हिरवेच राहते. रंग यावा म्हणून माध्यमातले, म्हणजे ते ज्या द्रावणात वाढवले त्यातले मीठ ५ टक्क्यांवरून एकदम २० टक्क्यांवर नेले, तर बहुतेक पेशी मेल्या. मग मीठ, उजेड, तापमान आणि खत यांचे योग्य आकडे कोणते? आणि कोकणात याची मोठ्या प्रमाणावर लागवड होऊ शकेल का?

आकडे देतो, पण ते कशासाठी हवेत हे आधी ठरवा. शैवाल भराभर वाढावे म्हणून लागणारी परिस्थिती आणि ते लाल व्हावे म्हणून लागणारी परिस्थिती या दोन वेगळ्या आहेत, किंबहुना बऱ्याच अंशी एकमेकींच्या उलट आहेत. तुमच्या फ्लास्कमधले शैवाल हिरवे आहे याचा अर्थ ते मजेत आहे. मिठागरातले लाल होते, कारण तिथे त्याची वाढ अडली होती आणि वरून ऊन मात्र तळपतच होते. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

ड्युनालिएलाच्या पेशीला ताठ पेशीभित्तिका नसते. बाहेरून नुसते पातळ पेशीपटल आणि त्यावर चिकट आवरण. त्यामुळे भोवतालचे पाणी जास्त खारट झाले की पेशी काही सेकंदांत आक्रसते आणि गोडे पाणी पडले की फुगते. हे सांभाळायला ती मीठ आत घेत नाही, ग्लिसरॉल बनवते. बाहेर जितके मीठ, तितके आत ग्लिसरॉल. पेशीतले सोडियम मात्र ती फारच कमी ठेवते. अति खारट पाण्यात राहणारे बरेच सूक्ष्मजीव पोटॅशियमचे क्षार आत भरून घेतात आणि त्यांची विकरे (एन्झाइम) मिठाशिवाय चालतच नाहीत. ड्युनालिएलाची विकरे तुमच्या-आमच्या ओळखीच्या वनस्पतींसारखीच आहेत, त्यांना मीठ सोसत नाही. समुद्राच्या पाण्यापेक्षाही कमी खारट पाण्यापासून ते मीठ पिकायला लागलेल्या पाण्यापर्यंत, इतक्या मोठ्या पट्ट्यात हा जीव तग धरतो तो या ग्लिसरॉलच्या जोरावर.

पण ग्लिसरॉल फुकट येत नाही. ते प्रकाशसंश्लेषणातून किंवा साठवलेल्या स्टार्चमधून येते, म्हणजे वाढीसाठी लागणारा कार्बन तिकडे वळतो. ते पुरेसे जमायला काही तास लागतात आणि त्यानंतरही विभाजन पुन्हा सुरळीत व्हायला एक-दोन दिवस किंवा जास्त जातात. तुमच्या पेशी ५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर एका झटक्यात गेल्या. त्या २० टक्क्यांनी मेल्या नाहीत, झटक्याने मेल्या. त्याच पेशी दोन-तीन टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढवा, प्रत्येक पायरीवर संख्या निदान दोन-तीनदा दुप्पट होऊ द्या, आणि वर चढवताना कल्चर जोमाच्या वाढीत व उजेडात असू द्या. थकलेल्या, जुन्या कल्चरला पायरी चढवू नका. अशा रीतीने २० टक्क्यांपर्यंत नेलेले शैवाल तिथे निवांत राहते.

आता मिठाचा आकडा. फ्लास्कमध्ये निव्वळ वाढ हवी असेल तर साधारण १० ते १५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला १० ते १५ ग्रॅम मीठ, इथून सुरुवात करा. वाणावाणात फरक पडतो. काही ऑस्ट्रेलियन वाण २० टक्क्यांच्या वरही छान वाढतात. सोयीच्या खारटपणात आणि भरपूर अन्नद्रव्यांत दिवसाला साधारण एक विभाजन होते. २५ टक्क्यांच्या जवळ तेच काही दिवसांतून एकदा होते.

मग उघड्या तलावांत लागवड करणारे लोक पाणी मुद्दाम जास्त खारट का ठेवतात? शेजाऱ्यांमुळे. कमी खारट पाण्यात ड्युनालिएला व्हिरिडिससारख्या भराभर वाढणाऱ्या, कधीच लाल न होणाऱ्या जाती ड्युनालिएला सलिना या लाल होणाऱ्या जातीला मागे टाकतात. शिवाय फॅब्रिया सलिना हा पक्ष्माभिकी आदिजीव, काही अमीबा आणि आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला झिंगेवर्गीय जीव हे सगळे ड्युनालिएला खातात. आर्टेमियाची फौज आली की हिरवे पाणी काही दिवसांत नितळ होते. खारटपणा वाढवला की यांतले बहुतेक मागे पडतात. म्हणजे तलावातला मिठाचा 'योग्य' आकडा वाढीचा नसून संरक्षणाचा आहे. शोधनिबंधांत हे आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी दिसतात आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ तिथेच होतो.

उजेडाकडे मात्र नीट थांबून बघायला हवे, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. अमी बेन-अमोत्झ आणि मोर्देहाय अव्रोन या इस्रायली संशोधकांनी १९८३ मध्ये एक गोष्ट स्पष्ट मांडली : पेशीत बीटा-कॅरोटीन, म्हणजे ते नारिंगी-लाल रंगद्रव्य, किती साठेल हे एका विभाजनापासून दुसऱ्या विभाजनापर्यंतच्या काळात त्या पेशीने एकूण किती प्रकाश घेतला यावर ठरते. हे एकदा लक्षात आले की सुटे सुटे वाटणारे निष्कर्ष एका धाग्यात येतात. नत्र कमी पडले की शैवाल लाल होते. मीठ वाढले की लाल होते. थंडी पडली तरी लाल होते. या तिन्हींत सारखे काय? विभाजन लांबते. दोन विभाजनांमधले अंतर वाढले की तेवढ्याच उन्हात प्रत्येक पेशीच्या वाट्याला जास्त प्रकाश येतो आणि त्या जादा प्रकाशापासून हरितलवकाचा बचाव करायला पेशी कॅरोटीनचे तेलकट थेंब हरितलवकातच साठवत जाते. एरवी कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्याच्या आसपास असणारे कॅरोटीन मग १० टक्के आणि त्याहूनही वर जाते. वनस्पतिसृष्टीत हे प्रमाण विलक्षण आहे.

म्हणून तुमच्या रॅकवर कितीही मीठ घाला, लाली येणार नाही. ट्यूबलाइटच्या रॅकवर पेशींना सेकंदाला प्रति चौरस मीटर साधारण ५० ते १०० मायक्रोमोल फोटॉन मिळतात. एप्रिलच्या दुपारी उघड्यावर तोच आकडा २००० च्या घरात असतो. मंद उजेडात मीठ वाढवल्यावर विभाजन मंदावते हे खरे, पण सांभाळण्याजोगा जादा प्रकाशच नसतो. पेशी हिरवीच राहते आणि हळूहळू वाढते, इतकेच. त्यात दाट कल्चरमध्ये पेशी एकमेकींवर सावली धरतात. गडद हिरव्या फ्लास्कच्या मध्यभागी असलेल्या पेशीला दिवसभरात किती प्रकाश मिळत असेल याचा विचार करा. लाली हवी असेल तर कल्चर पातळ करा, उथळ भांड्यात घ्या, नायट्रेट कमी करा आणि मग उजेड वाढवा. उजेडही टप्प्याटप्प्याने. रॅकवरून उचलून थेट भर उन्हात ठेवलेल्या पेशींना कॅरोटीन साठवायला सवडच मिळत नाही. ते साठायला काही दिवस लागतात आणि प्रखर प्रकाशाचा मार तासाभरात बसतो. आधी सकाळचे कोवळे ऊन, मग जाळीखालची दुपार, मग उघडे ऊन.

त्याआधी एक खात्री करून घ्या. तुमचे शैवाल ड्युनालिएला सलिनाच आहे ना? मिठागरातल्या पाण्यात या प्रजातीच्या अनेक जाती असतात आणि त्यांतल्या बहुतेक काहीही केले तरी लाल होत नाहीत. वेगळे करताना भराभर वाढणारी हिरवी जात हाती लागणे अगदी सहज होते. दुसरी शक्यता अशी की मार्चमधली ती लाली शैवालाची नसेलच. मीठ पिकण्याच्या बेतात आलेल्या पाण्यात हॅलोआर्किया नावाचे लवणप्रिय सूक्ष्मजीव प्रचंड संख्येने असतात आणि त्यांचे रंगद्रव्यही लाल असते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा शैवालाचे नाव बरेच चर्चेत आले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली तेव्हा त्या रंगामागे हॅलोआर्किया असल्याचे दिसले. तेव्हा आणलेल्या पाण्याचा एक थेंब आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. नारिंगी, लंबगोल, दोन कशाभिकांनी पोहणाऱ्या, १० ते २० मायक्रॉनच्या पेशी दिसल्या तर ते ड्युनालिएला. नुसतेच बारीक दंडाकार किंवा वेडेवाकडे ठिपके असतील तर ते दुसरे मंडळ. स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारे यंत्र) असेल तर ॲसिटोनमधल्या अर्काचा आलेख काढा. बीटा-कॅरोटीनची शिखरे ४५० आणि ४७८ नॅनोमीटरच्या आसपास येतात; हॅलोआर्कियाच्या रंगद्रव्याची त्यांच्या उजवीकडे, ४९५ आणि ५३० च्या आसपास.

या लालीचा प्रश्न जुना आहे. मिशेल फेलिक्स ड्यूनाल याने १८३८ मध्ये फ्रान्समध्ये माँपेलिए परिसरातल्या मिठागरांच्या लाल पाण्यात हे जीव पाहिले, आणि १९०५ मध्ये तेओदोरेस्कू या रुमानियन वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रजातीला त्याचे नाव दिले.

तापमानाबद्दल फार लिहीत नाही. २५ ते ३२ अंश सेल्सिअसला फ्लास्क ठेवा, काम होते. उघड्यावर मात्र उथळ, दाट खारे पाणी दुपारी ४० अंशांच्या वर सहज जाते, आणि जितके पाणी खारट तितके त्याचे बाष्पीभवन मंद, म्हणजे थंडावाही कमी. अशा उष्णतेत पेशीपटलातून ग्लिसरॉल पाझरू लागते आणि पेशीला तो खर्च पुन्हा करावा लागतो. थंडीचा परिणाम वेगळाच आहे. थंड पण लख्ख उन्हाच्या दिवसांत विभाजन मंदावते, ऊन कायम राहते, त्यामुळे रंग चढतो, आणि कॅरोटीनमध्ये ९-सिस या रूपाचे प्रमाणही वाढते. हे रूप कृत्रिम बीटा-कॅरोटीनमध्ये जवळपास नसते, म्हणून नैसर्गिक मालाला त्याचे महत्त्व.

खतांकडे येऊ. नत्र द्यायचे तर नायट्रेटच्या रूपात. अमोनियमवर शैवाल वाढताना माध्यमाचा सामू घसरतो आणि अमोनिया पेशींना मारकही ठरतो. स्फुरद अगदी थोडे लागते, पण ते देणे अवघड, कारण समुद्राच्या पाण्यापासून बनवलेल्या दाट माध्यमात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते आणि फॉस्फेट त्यांच्याबरोबर साक्याच्या रूपात तळाशी बसते. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रातून, काढल्यावर माध्यम गढूळ दिसले तर बहुधा तेच झालेले असते. फॉस्फेटचे द्रावण वेगळे निर्जंतुक करा आणि माध्यम थंड झाल्यावर थोडे थोडे घाला.

कार्बनची गोष्ट बरेच जण विसरतात. पाणी जितके खारट तितका त्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो. जोरात वाढणारे कल्चर दुपारपर्यंत विरघळलेला कार्बन संपवते आणि सामू ९ च्या वर सरकतो. मग ऊन, खत, मीठ सगळे जागच्या जागी असून वाढ थांबते. सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान ठेवा. थोडे सोडियम बायकार्बोनेट घालता येते, पण कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात त्याचाही साका होतो. हवेत किंचित कार्बन डायऑक्साइड मिसळून हळुवार बुडबुडे सोडणे सर्वांत चांगले. हळुवार हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण भित्तिकाच नसलेल्या या पेशी जोरदार घुसळण्याने फुटतात.

मोजमापाचे काही नियम इथेच सांगतो, कारण मी तपासलेल्या प्रकल्पांत परिस्थितीच्या परिणामापेक्षा मोजण्याचा परिणामच मोठा निघालेला अनेकदा पाहिला आहे. मोजणीसाठी नमुना पातळ करायचा तर त्याच खारटपणाच्या निर्जंतुक पाण्याने करा. ऊर्ध्वपातित पाणी घातले की पेशी काचेवर जाण्याआधीच फुटतात. फ्लास्कमधले पाणी उडून जाते तसे मीठ दाट होत जाते, विशेषतः पंख्याखाली. काचेवर सुरुवातीच्या पातळीची खूण करा आणि तूट ऊर्ध्वपातित पाण्याने थेंबाथेंबाने भरा, कारण उडाले आहे ते नुसते पाणी. कोरड्या वजनावर विसंबू नका. गाळण कागदावर राहिलेले मीठ धुवायला गेलात तर पेशी फुटतात, आणि न धुता वाळवलेत तर मिठाचेच वजन भरते. पेशींची संख्या, क्लोरोफिल आणि कॅरोटीन या तिघांवर काम करा. 'वाढ' म्हणून शेवटच्या दिवसाची दाटी लिहू नका. जोमाच्या काळातला विभाजनाचा वेग लिहा. आणि ज्या खारटपणावर मोजायचे, त्यावर शैवाल आधीपासून रुळलेले असले पाहिजे. नाहीतर तुम्ही मिठाचा परिणाम मोजत नसून बदलाच्या धक्क्याचा परिणाम मोजता.

प्रयोग कसा मांडायचा ते यावरून ठरते. एका वेळी एकच घटक बदलणारे चार वेगळे तक्ते करू नका. मिठाच्या दोन पातळ्या, समजा १० आणि २० टक्के. नायट्रेटच्या दोन, ५ आणि ०.५ मिलिमोल, आणि उजेडाच्या दोन, रॅकवरचा आणि उघड्यावरचा. या आठ जोड्या, प्रत्येकी तीन फ्लास्क. प्रत्येक जोडीत विभाजनाचा काळ काढा, त्या काळात मिळालेला एकूण प्रकाश काढा आणि पेशीमागच्या कॅरोटीनशी त्याचा आलेख जुळवून बघा. पदव्युत्तर प्रकल्पाला हे पुरेसे आहे, आणि पालघरच्या वाणावर ते करून पाहण्यात खरोखर अर्थ आहे.

आता कोकणातल्या लागवडीचा भाग. आपल्या मिठागरांत परिस्थितीची उतरंड आयतीच असते. उधाणाच्या भरतीचे पाणी साधारण ३ डिग्री बोमेला (बोमे हे खाऱ्या पाण्याची घनता मोजण्याचे माप) आत येते, एकेका कप्प्यात तापत पुढे सरकते, वाटेत जिप्सम बसते आणि २५ डिग्री बोमेच्या आसपास मीठ पिकायला लागते. शैवालाची गर्दी मधल्या-पुढच्या कप्प्यांत सापडते. मीठ पिकण्याच्या कप्प्यात हॅलोआर्कियांचे राज्य असते. नमुने घेताना प्रत्येक कप्प्याचे बोमे लिहून घेतलेत तर नंतर फार उपयोग होतो. ते मीठ पिकवणाऱ्यांकडे असतेच, आणि पाण्याचा रंग कोणत्या आठवड्यात कसा बदलतो हेही त्यांना नेमके माहीत असते. जरूर विचारा.

पण हे सगळे डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत. जूनपासून चार महिन्यांत इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उघडे तलाव अक्षरशः गोडे होतात. जगात ज्या ठिकाणी ही लागवड टिकली ती ठिकाणे बघा : पश्चिम ऑस्ट्रेलियातले हट लगून, दक्षिण ऑस्ट्रेलियातले व्हायॲला, इस्रायलमधले एलात. कोरडी हवा, भरपूर ऊन, अत्यल्प पाऊस. आपल्या देशात त्याच्या जवळपास कच्छ-सौराष्ट्राचा किनारा आणि तुतिकोरीनकडचा पट्टा येतो. कोकणात वर्षभर उघड्यावर लागवड करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. मिठाच्या हंगामाला जोडून पाच महिन्यांचे पीक, आणि तेही मत्स्यबीज केंद्रांना जिवंत खाद्य म्हणून, इतकी कल्पना करता येते. कॅरोटीन काढून विकण्याइतका माल त्यातून निघणे कठीण, कारण लाल पेशी पाण्यातून वेगळ्या करण्याचा खर्चच मोठा असतो.

पाऊस मात्र शैवालाचा निव्वळ शत्रू नाही. मृत समुद्रात १९८० आणि १९९२ या वर्षी ड्युनालिएलाचा मोठा बहर आला तो भरपूर पाऊस झाल्यावर. एरवी तिथले पाणी, त्यातल्या मॅग्नेशियमसह, इतके दाट की ड्युनालिएलालाही झेपत नाही. पुराचे पाणी वर तरंगले, वरचा थर पातळ झाला, सोबत थोडे फॉस्फेट आले आणि शैवाल वाढले. तेच कोकणात घडत नाही, कारण इथे पाणी पातळ होऊन थांबत नाही, ते वाहून जाते. अशा वेळी काही पेशी जाड कवचाचे बीजाणू करून गाळात बसतात आणि पुढच्या हंगामात खारे पाणी चढले की पुन्हा बाहेर पडतात. म्हणून मेअखेरीस, पहिल्या सरीच्या आधी, पाण्याबरोबर तळाचा थोडा गाळही बाटलीत भरून आणा. १५ टक्क्यांच्या माध्यमात, कमी नायट्रेटवर, मंद उजेडात तो ठेवला तर पावसाळाभर तुमचे मूळ वाण हाताशी राहील; महिन्यातून एकदा थोडे ताज्या माध्यमात घाला. फ्लास्कमधली हिरवी जात वेगळीच निघाली, तर खरे सलिना याच गाळातून पुन्हा वेगळे करता येईल. त्यासाठी गाळ २० टक्क्यांच्या माध्यमात घालून भरपूर उजेडात ठेवा. हिरव्या जाती मागे पडतील, आणि ज्या पेशी नारिंगी होतील त्याच बारीक नळीने उचलून घ्या.